सात मिनिटांचा रस्ता

१

बुधवार, १४ मार्च १९८४. सकाळी सात वाजून पाच मिनिटं. परळमधलं एक मोठं हॉस्पिटल, अपघात विभागाचं दार. राखाडी रंगाची एक फियाट दारासमोर येऊन थांबली. ती मी चालवत होतो. मागच्या सीटवर माझी बायको कमल आणि मुलगी ललिता. ललिताला कळा सुरू झाल्या होत्या. गाडीत एकूण तीन माणसं होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे हा आकडा बदलतो.

सव्वीस वर्षं मी बातमीदारी करतोय. मालकांची निवेदनं वाचली, पोलिसांची वाचली, युनियनचीही वाचली, आणि प्रत्येकाला तोंडावर खोटं म्हटलं. अंगात आणणाऱ्या बुवांवर मी एकेकाळी लेखमाला लिहिली होती. त्यातल्या तिघांनी माझ्यावर खटले भरले, तिन्ही मी जिंकले. तेव्हा हे वाचून कुणाला वाटेल की म्हातारा घाबरला, तर त्याने ते खुशाल म्हणावं. मी घाबरलो नव्हतो. घाबरलो असतो तर बरं झालं असतं.

२

आधीच्या गाडीबद्दल सांगायला हवं. ती मी आमच्या पेपरच्या जाहिरात विभागातल्या एका माणसाकडून घेतली होती. तो तिसरा मालक, मी चौथा. कंपनीचं नाव देत नाही. दोष कंपनीचा नसेल, त्या एका गाडीचा असेल.

फणसवाडीत आमच्या चाळीखाली ती उभी असायची. रोज सकाळी मी आत बसायचो, किल्ली फिरवायचो, आणि ती खोकून गप्प व्हायची. मग चाळीतली चार माणसं टॉवेल खांद्यावर टाकून खाली यायची. तळमजल्यावरचे पाध्ये त्यांचे मुकादम. ते विचारायचे, "काय उत्तमराव, आज आम्ही किती वाजता निघायचं?"

"ढकला हो. पुण्य लागेल."

"पुण्याचं राहू द्या. नाक्यापर्यंत आम्ही चालवतो, पुढे तुम्ही चालवता. मग गाडी अर्धी आमच्या नावावर करा."

हसायचे. मीही हसायचो. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्याच गाडीने मी लालबाग, परळ, शिवडी पिंजून काढलं. ती जिथे बंद पडेल तिथे उतरायचं आणि तिथल्या माणसांशी बोलायचं. काही चांगल्या बातम्या मला अशाच मिळाल्या.

संपातल्या मुंबई बंदच्या दिवशी ललिताला कळा आल्या. ८२ सालातली गोष्ट. तिचा नवरा मालवाहू बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात, म्हणून बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. रस्त्यावर टॅक्सी नव्हती, बस नव्हती. माझ्या काचेवर प्रेसचा कागद होता, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही. अडवलं ते गाडीने. भायखळ्याच्या पुलावर, चढ संपतो तिथे ती थांबली. पुलावर ढकलायला कुणी नव्हतं. चाळीस मिनिटांनी पोलिसांची व्हॅन आली.

मुलगा होता. वजन तीन किलो. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

माझा स्वभाव भांडखोर आहे, हे सगळी मुंबई जाणते. त्या दिवशी मी कुणाशी भांडलो नाही. भांडायला समोर कुणी नव्हतंच. गाडी तिथेच पुलाच्या कडेला लावली आणि आठ दिवसांनी भंगारवाल्याला सांगून उचलायला लावली. त्यानंतर बराच काळ मला काही वाटत नव्हतं, जेवणाला चवही लागत नव्हती. लोक संपाची बातमी विचारायचे, मी सांगायचो.

पुढच्या वर्षी ललिताला पुन्हा दिवस गेले. तेव्हा कमल एवढंच म्हणाली, "अहो, पोचणारी गाडी बघा."

३

शिवडीला गोदामांच्या ओळीत चंदूचं गॅरेज आहे. चंदू मेकॅनिक. आधीच्या गाडीला त्याने दोनदा हात लावला होता आणि तिसऱ्यांदा नकार दिला होता. त्याच्याकडे ही फियाट आली होती.

"भाऊ, एक हाती गाडी आहे. साहेब लोकांची. ते गुजरातकडे गेले, गाडी इथेच ठेवून गेले."

"साहेब कुठले?"

"कुठल्या तरी मिलचे. मी कशाला विचारतो? इंजिन बघा ना. ह्या गाडीला आजवर कुणाचा हात लागलेला नाही ढकलायला." तो आत बसला आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं. त्याने बंद केलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा सुरू. असं पाच वेळा केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी मागचं दार उघडून पाहिलं. मागच्या सीटला काळं रेक्झिन होतं, उजव्या अर्ध्या भागात जुनं, भेगा पडलेलं. डाव्या अर्ध्या भागात नवं कोरं.

"हे असं अर्धंच का?"

"चहा सांडला असेल. बाईमाणूस असेल, उलटी झाली असेल. भाऊ, तुम्हाला सीट पायजे की गाडी पायजे?"

मला गाडी हवी होती. घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाध्ये आणि मंडळी टॉवेल टाकून खाली आली. मी किल्ली फिरवली, गाडी निघून गेली. आरशात चौघं रिकाम्या हातांनी उभे दिसले. संध्याकाळी पाध्ये म्हणाले, "उत्तमराव, आमची नोकरी गेली हो."

गाडी कधीच अडली नाही. पहाटे गारठ्यात सुरू व्हायची, भर दुपारी सुरू व्हायची. साचलेल्या पाण्यातून गेली. फक्त तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागचं दार उघडलं तेव्हा डाव्या सीटवर कापूस दिसला. बोटाच्या पेराएवढा पुंजका आणि भोवती पांढरी बारीक भुकटी. मी हाताने झटकला.

४

रोज सकाळी कापूस असायचा.

आमच्या वाडीच्या तोंडाशी गाद्या पिंजणारा बसतो. माझा पहिला संशय त्याच्यावर. वाऱ्याने येत असेल. मी काचा वर करून, दारं लावून पाहिलं. कापूस आला. कमलच्या शालीचे धागे असतील म्हणून शाल घरी ठेवली. कापूस आला. मग एका संध्याकाळी मी चारही दारांच्या फटींवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. स्वतःचंच हसू आलं. सकाळी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. डाव्या सीटवर कापूस होता, आणि रेक्झिन मध्यभागी खोल गेलेलं होतं, कुणी बराच वेळ बसून नुकतंच उठल्यावर राहतं तसं. मी बघत असतानाच ते हळूहळू वर आलं.

रेक्झिन नवं आहे, खाली काथ्या सैल आहे, रात्रीच्या थंडीने आकसतो. असं मी स्वतःला सांगितलं. सांगणं पटण्यासारखं होतं.

एक आवाजही होता. गाडी बंद केली की तापलेलं लोखंड थंड होताना टिकटिकतं, सगळ्याच गाड्यांचं टिकटिकतं. त्या टिकटिकीच्या शेवटी एक खोकला यायचा. कोरडा, आखूड, तोंडावर हात धरून दाबलेला. मी गिरणगावात उभा-आडवा फिरलोय. कापसाची धूळ छातीत बसलेल्या माणसाचा खोकला मला ओळखता येतो. तरीही मी चंदूला सायलेन्सर बघायला सांगितलं. तो म्हणाला सायलेन्सर उत्तम आहे.

माणसांची तऱ्हा मात्र माझ्याआधी कमलच्या लक्षात आली. दादरला एका लग्नाला जायचं होतं. मागे कमल, ललिता आणि पाध्यांच्या चंपावहिनी, अशा तिघी. सहावा महिना लागलेली ललिता अंग चोरून बसली होती. घरी आल्यावर कमल म्हणाली, "आम्ही तिघी एका कोपऱ्यात का बसलो हो? डावीकडे एवढी जागा होती."

"मग सरकायचं."

"मी चंपावहिनींना म्हटलं, सरका. त्या म्हणाल्या, कुठे सरकू, जागा कुठाय?"

ललिता ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, मला खिडकी नको होती. तिथे गार लागतं."

मी त्यानंतर मुद्दाम पाहायला लागलो. जो कोणी मागे बसे तो उजवीकडे बसे. ऑफिसातला छायाचित्रकार, कमलचा भाऊ, दोघे युनियनवाले. दोघे युनियनवाले तर मांडीला मांडी लावून बसले आणि सबंध रस्ताभर भांडले. एकाच्याही तोंडी त्या रिकाम्या जागेचं नाव आलं नाही.

मी पुंजका एका पाकिटात घातला. खात्री करून घ्यायची माझी पद्धत आहे. कापसातलं ज्याला कळतं अशा माणसाकडे जायचं.

५

लालबागला राधाबाईंची खाणावळ होती. दोन खोल्या, मागे मोरी. मालवणकडच्या एका गावातले वीस-बावीस गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. त्यांची राहायची खोली वरच्या मजल्यावर, पाळीपाळीने झोपायचं. प्रत्येकाचं ताट ठरलेलं, ताटाच्या काठावर खिळ्याने खूण केलेली. कोण आला नाही हे राधाबाईंना मोजावं लागायचं नाही, ताटं बघितली की कळायचं. संपात अर्धे गावी गेले.

राधाबाई मला ओळखत होत्या. ओळख सांगायला मला आजही जड जातं. संप सुरू होण्याच्या दहा-बारा दिवस आधी ती बाई लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन माझ्या ऑफिसात आली होती. सोबत कापडात गुंडाळलेलं एक ताट. धोंडू विठू घाडी, वय चौतीस, बदली कामगार. महिन्याभरापूर्वी चंद्रमणी मिलमध्ये रातपाळीला गेला तो जेवायला आला नाही. मिलवाले म्हणतात, तो त्या रात्री कामावरच नव्हता. मी सगळं लिहून घेतलं. अकरा ओळींची बातमी केली. दुसऱ्या दिवशी संपाचा इशारा आला, पानं भरली, अकरा ओळी राहिल्या. मी संपादकांना पुन्हा विचारलं नाही. दहा दिवसांत अडीच लाख माणसं रस्त्यावर होती. एका बदली कामगारासाठी मी भांडलो नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पाकीट घेऊन गेलो. दुपारची वेळ. गाडी खाणावळीच्या दारात उभी केली. राधाबाई भांडी घासून राखेच्या हातांनी बाहेर आल्या. मी पुढून उतरलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मागच्या डाव्या खिडकीपाशी गेल्या, वाकल्या.

"खंय होतंस रे?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. उशिरा घरी आलेल्याला विचारतात तशा.

मग ताठ झाल्या. काचेवर राखेची पाच बोटं उमटली होती.

"कोणाला म्हणालात?"

"काय नाय भाऊ. उन्हाचो भास." पण त्या घरात गेल्या नाहीत. जिन्याखाली जाऊन हाक मारली, "लवू, ए लवू, खाली ये मरे."

लवू हा कायम कामगार. चाळिशीचा, सुकलेला. मी त्याच्या हातावर पाकीट उलटं केलं. त्याने कापूस दोन बोटांत धरून ओढला, उजेडात धरला.

"कार्डिंगचा हाय. पिंजायच्या मशीनवरून उतरलेला. हा बाजारात मिळत नाय." मग म्हणाला, "मिल बंद होऊन दोन वर्सं झाली. हा ताजा हाय भाऊ. ह्याला अजून तेलाचा वास हाय. कुठून आणलात?"

मी गाडीकडे बोट केलं. लवूने नंबर वाचला आणि पायरीवर बसला.

६

त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं आहे, खाली त्याचा अंगठा नाही, सही आहे. तो सातवी शिकलेला आहे.

बदली कामगाराला नोकरी नसते. पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नसेल तर परत यायचं. धोंडू वीस दिवस परत येत होता. लवूला गावच्या जत्रेला जायचं होतं, रजा नव्हती. लवूने आपला पास धोंडूला दिला. हे चालायचं. गावातला माणूस, ओळखीचा जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, रातपाळीचा अंधुक उजेड. हजेरीच्या मस्टरवर लवू हजर, साच्यावर म्हणजे मशीनवर धोंडू. दोघांचंही काम झालं.

"रातपाळी सुटायला अर्धा तास ऱ्हायलेला. मशीनच्या पट्ट्यात सापडला. मी नव्हतो, जॉबरने सांगितलान. जिता होता. पाणी मागत होता. लेबर ऑफिसरची गाडी मागल्या गेटला आणली, हीच. मागे बसवला. झोपवला नाय, बसवला. आणि मग थांबले."

"कशासाठी?"

"नाव. हास्पिटलात नाव सांगायला लागतं. पासावर मी. मी तर जत्रेत, पन्नास माणसांनी मला बघितलेला. धोंडू तर आत आलेलाच नाय. साहेब म्हणाले, आधी नाव ठरू दे. गाडी चालू ठेवली. इंजिन चालू, दारं बंद, गाडी गेटच्या आत उभी."

"किती वेळ?"

"जॉबरने घड्याळ बघितला नाय. मग गाडी गेली. खंय गेली ते म्हायत नाय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मस्टरवर त्या रात्री मी पुरी पाळी हजर हाय भाऊ. अजून हाय. कोणी खोडलं नाय. मी पण नाय सांगितलं. नोकरी गेली असती. मग संपात तशीच गेली."

राधाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताट हा अजून."

मी गाडीत बसलो. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्याला सुरू झाली. लालबागच्या नाक्यावर मला एवढंच जाणवलं की ही गाडी त्या दिवशीही सुरूच होती. तिने काही बिघडवलं नव्हतं.

७

घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. देठ मोडायची थांबली नाही.

"विकून टाका."

"आणि आठ दिवसांनी? टॅक्सीच्या भरवशावर राहायचं?"

"त्या जागेवर माझी पोर बसणार नाही."

"त्या जागेवर कोणीच बसत नाही. तूच सांगितलंस."

तिने ताट बाजूला केलं. "तुम्ही तुमच्या बातम्यांमध्ये असे बोलता ते ठीक आहे. घरात बोलू नका."

ललिता आतल्या खोलीत पडून होती. भिंतीमागून म्हणाली, "आई, मला पुलावर थांबायचं नाही. बाकी काही असू दे."

खोलीत पंख्याचा आवाज होता, खाली पाध्यांचा रेडिओ. मी गाडी विकली नाही. हा निर्णय माझा होता आणि तो मी थंड डोक्याने घेतला. मला वाटत होतं की मी हिशेबी माणसासारखा विचार करतोय. आता वाटतं, लेबर ऑफिसरलाही गेटच्या आत बसून असंच वाटलं असेल.

८

चौदा तारखेला सकाळी साडेसहाला कळा सुरू झाल्या. सहा चाळीसला आम्ही गाडीत होतो. कमल मागे उजवीकडे, ललिता मध्ये. तिचं डोकं कमलच्या खांद्यावर. मी आरसा वळवून घेतला.

भायखळ्याचा पूल आला. मी श्वास धरून बसलो होतो हे पूल उतरल्यावर कळलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. ललिता कण्हत होती. कळ आली की ती उजव्या हाताने कमलचा हात आवळायची. मी आरशात पाहिलं. डावा हातही आवळलेला होता, सीटच्या वर, हवेत. बोटं पूर्ण मिटली नव्हती. मुठीत दुसरा हात मावेल एवढी जागा होती. कळ ओसरली तेव्हा तिची बोटं सैल झाली, पण हात खाली पडला नाही.

मी आरसा परत फिरवला.

लालबाग मागे टाकलं. चंद्रमणी मिलची लांब भिंत सुरू झाली. मागचं गेट त्याच भिंतीत आहे. गाडीचा वेग कमी झाला. मी ॲक्सिलरेटरवर पाय दिला, इंजिनचा आवाज वाढला, वेग वाढला नाही. गेटसमोर गाडी थांबली.

बंद पडली नव्हती. इंजिन नीट चालू होतं. गियर पडत नव्हता. दांडा हातात असा फिरत होता जणू खाली काही जोडलेलंच नाही. दाराची कडी ओढली, उघडेना. कमलने तिची ओढली.

"अहो."

"थांब."

गेटला गंजलेलं कुलूप. मागे छपरं, काचा फुटलेल्या. मिलची वीज तोडून दीड वर्ष झालं होतं, ती बातमी मीच दिली होती. तरी पायाखालची जमीन थरथरत होती, साचे चालू असले की त्या गल्लीत थरथरायची तशी. मी म्हटलं, इंजिनची थरथर आहे. इंजिनचीच असेल.

ललिताने लांब आवाज काढला. त्यानंतर, अगदी माझ्या डाव्या खांद्यामागे, कोणीतरी तोंडावर हात धरून खोकलं.

मला भीती वाटली नाही. मला पूल आठवला, आणि पुलावरची चाळीस मिनिटं. मग लवूचं वाक्य. आधी नाव ठरू दे.

नाव मला पाठ होतं. अकरा ओळींत पहिल्याच ओळीत मी ते लिहिलं होतं. मी समोरच्या काचेकडे बघत, दूरध्वनीवर बातमी सांगतात तशा आवाजात म्हणालो, "धोंडू विठू घाडी. वय चौतीस. बदली कामगार, चंद्रमणी मिल. रातपाळी. कार्डिंग खातं."

"कोणाचं नाव घेताय?" कमल म्हणाली.

गियर पडला. मनगटावरच्या घड्याळात सातला दोन मिनिटं कमी होती.

९

प्रसूती विभागाचं दार आठला उघडतं, तोवर अपघात विभागातून आत घेतात. मी उतरून उजवीकडचं मागचं दार उघडलं. कमल उतरली. ललिताला एका स्ट्रेचरवर घेतलं. मी तिच्या पायाशी होतो.

डावीकडे दोन वॉर्डबॉय दुसरा स्ट्रेचर घेऊन आले होते. त्यांना कोणी बोलावलं ते मला माहीत नाही. एकाने डावं दार उघडलं आणि आत वाकला. "बसवून कशाला आणला ह्याला?" तो दुसऱ्याला म्हणाला. "पकड, पकड, काखेत पकड." गाडीच्या छतावरून मला त्यांचे खांदे दिसत होते. खांद्यांवर वजन आलं. स्ट्रेचर वळला तेव्हा दोघांच्या कोपरांमधून मला एक अनवाणी पाऊल दिसलं. बोटांच्या बेचक्यांत पांढरा कापूस.

तेवढंच. पुढे ललिताचा स्ट्रेचर आडवा आला आणि मी तिच्यामागे गेलो.

टेबलावरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नाव?" मी ललिताचं सांगितलं. "दुसऱ्याचं?" मी तेही सांगितलं. त्याने वही फिरवून पुढे केली आणि मी दोन सह्या केल्या.

नऊ चाळीसला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे. रडली. ललिता बरी आहे. नर्स बाहेर येऊन आमच्यावर डाफरली, "हिच्या हातात कापूस कोणी दिला? किती घट्ट धरलाय, मूठ सोडवताना नाकी नऊ आले." तिने ट्रेमध्ये टाकलेला पुंजका मला दाखवला. मी तो पाकिटात घेतला. कमल भिंतीकडे तोंड करून उभी होती.

दुपारी खाली आलो तर गाडी सुरू झाली नाही. चंदूने येऊन तासभर खटपट केली. त्याला काही बिघाड सापडला नाही. आता ती फणसवाडीत उभी असते आणि पाध्ये सकाळी टॉवेल टाकून खाली येतात. कापूस येत नाही. परवा कमलचा भाऊ मागे डावीकडे बसला, पाय पसरून.

१०

दोन दिवसांनी मी वॉर्डांतून फिरलो. धोंडू घाडी नावाचा रुग्ण कोणत्याही खाटेवर नव्हता. दाखल झाल्याची नोंद आहे. सोडल्याची नाही, मेल्याची नाही. वॉर्डबॉय म्हणाले, दिवसाला शंभर माणसं उचलतो, कोण लक्षात ठेवणार? अधीक्षकांनी सांगितलं की ही कारकुनाची चूक आहे. मी म्हटलं, सही माझी आहे. ते म्हणाले, मग तुमची चूक आहे. असेल. तसं लेखी द्या म्हटलं, दिलं नाही.

राधाबाईंना मी जाऊन सांगितलं, पोचला. कसा पोचला, कुठे पोचला, त्यांनी विचारलं नाही. फळीवरून ताट काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

लवू माझ्याबरोबर मिलच्या जुन्या पहारेकऱ्याकडे आला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत मागच्या गेटच्या वह्या होत्या, कोणी मागितल्या नव्हत्या म्हणून राहिलेल्या. ११ डिसेंबर १९८१ च्या पानावर या गाडीचा नंबर आहे. पुढे, बाहेर पडल्याची वेळ: सहा अठ्ठावन्न.

त्या गेटपासून हॉस्पिटल गाडीने सात मिनिटांवर आहे. मी घड्याळ लावून दोनदा मोजलं. हॉस्पिटलच्या वहीत धोंडू घाडीला आणल्याची वेळ सात पाच आहे. वेळा जुळतात. तारीख मात्र १४ मार्च १९८४ आहे. ही दोन्ही पानं जोडून मी मिलच्या मालकांना, लेबर ऑफिसरच्या गुजरातमधल्या पत्त्यावर, पोलीस ठाण्यात आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकच प्रश्न लिहून पाठवला आहे: या सात मिनिटांत धोंडू घाडी दोन वर्षं तीन महिने कुठे होता? चारही पत्रं पोचल्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही आलेलं नाही.